लस थोडी, मागणारे फार

धान्य, रॉकेल किंवा साखर यांची टंचाई पडली म्हणजे बाजारांत काय होतें हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. माल थोडा व गिऱ्हाइकें फार अशी वेळ आली कीं दुकानदारापुढें तीन वाटा असतात. जो अधिक दाम देईल त्याला माल द्यावा. जो आधीं येऊन उभा राहील त्याला द्यावा. किंवा ज्याची नड मोठी त्याला आधीं द्यावा. पहिल्या दोन वाटांस फारसा विचार लागत नाहीं. तिसरीस मात्र गिऱ्हाइकाच्या घरीं काय आहे याची माहिती लागते, आणि ओळखीच्या माणसास ‘आज नाहीं’ असें सांगण्याचें धैर्यही लागतें. २०२१ सालच्या पूर्वार्धांत कोविडची लस ही अशीच टंचाईची जिन्नस झाली होती. सरकारनें जाहीर केली ती तिसरी वाट. परंतु त्या वर्षाच्या मे महिन्यांत प्रत्यक्ष चालल्या त्या पहिल्या दोन, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि त्याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. तो आमच्या मावळ तालुक्यांतच आहे.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेनें या साथीची आणीबाणी संपल्याचें ता. ५ मे २०२३ रोजीं जाहीर केलें. लोक मुखपट्ट्या विसरले. लोणावळ्याच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारीं मोटारींची रांग पूर्वींसारखीच लागूं लागली. परंतु नेमकी हीच वेळ या प्रश्नाचा विचार करण्याची आहे. साथ दाराशीं उभी असतां ‘पहिला कोण’ हें ठरवूं लागलें म्हणजे प्रत्येकास आपलेंच घर दिसतें. आज कोणाचेंच घर पेटलेलें नाहीं, म्हणून आज बोलणें शक्य आहे.

आधीं सरकारच्या पदरीं जें श्रेय आहे तें देऊं. ता. १६ जानेवारी २०२१ रोजीं लस टोंचण्यास प्रारंभ झाला तेव्हां पहिला मान रुग्णालयें व आरोग्य केंद्रें यांत राबणाऱ्यांस दिला गेला, आणि त्यांत आशा सेविका व अंगणवाडी सेविका यांचीही गणना झाली. २ फेब्रुवारीपासून पोलीस, महसूल खात्याचे नोकर, नगरपालिकांचे सफाई कामगार. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्व माणसें आणि ४५ ते ५९ वयाचे व्याधिग्रस्त. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व, असा पुढचा क्रम होता. रुग्णालयाची फरशी पुसणारी बाई त्या रुग्णालयास देणगी देणाऱ्या शेटजींच्या आधीं, ही गोष्ट निदान कागदावर तरी या देशांत प्रथमच लिहिली गेली असावी. ज्या समाजांत पाणवठ्यावरही पहिला घडा कोणाचा हें जन्मावरून ठरत असे, त्या समाजानें हा क्रम मुकाट्यानें मान्य केला, याचें आम्हांस अजूनही कौतुक वाटतें.

या क्रमाच्या मुळाशीं दोन विचार होते. जो दुसऱ्याच्या जिवासाठीं आपला जीव धोक्यांत घालतो त्याचें रक्षण आधीं करावें, हा एक. आणि जो या रोगानें मरण्याचा संभव अधिक त्यास आधीं वांचवावें, हा दुसरा. २०२१ च्या मार्चमध्यें केंद्रीय आरोग्य खात्यानें सांगितलें कीं, देशांत तोंवर झालेल्या कोविडच्या मृत्यूंपैकीं ८८ टक्के मृत्यू ४५ वर्षांवरील माणसांचे होते. इंग्लंडनेंही ता. ८ डिसेंबर २०२० पासून वयाच्याच उतरत्या क्रमानें लस दिली. तेथें पहिली टोंचणी ९० वर्षांच्या एका आजीबाईंस झाली.

याविरुद्ध लोणावळ्यांतील आमच्या एका दुकानदार स्नेह्यांचें म्हणणें असें: “संपादकमहाराज, तुमचा म्हातारा घरीं बसूं शकतो, मला दुकान उघडावें लागतें. मुंबईचा पाहुणा चिक्कीचे पैसे देतां देतां रोगही देऊन जातो. जो रोज शंभर माणसांस भेटतो त्यालाच आधीं लस टोंचा, म्हणजे साथ आपोआप तुटेल.” हें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. इंडोनेशियाच्या सरकारनें जानेवारी २०२१ मध्यें ६० वर्षांखालील कर्त्या माणसांस वृद्धांच्या आधीं लस दिली. हातीं असलेल्या चिनी लशीची परीक्षा मुख्यतः त्याच वयाच्या माणसांवर झाली होती हें एक कारण, आणि बाजारांत वावरणारा सुरक्षित झाला तर घरचा म्हाताराही सुरक्षित होईल ही अपेक्षा, हें दुसरें.

आम्हीं या युक्तिवादाचा पुष्कळ विचार केला व तो आम्हांस पटला नाहीं. लस मनुष्यास मरणापासून वांचविते हें त्या वेळीं कळलें होतें. ती एकाचा रोग दुसऱ्यास लागण्याचें थांबविते कीं नाहीं, व थांबवीत असल्यास किती, हें कळलें नव्हतें. पुढें असें दिसून आलें कीं, लस घेतलेल्यांसही रोग होतो व त्यांच्यापासून तो पसरतोही. मात्र ते दगावतात फार थोडे. जें नक्की माहीत आहे त्यासाठीं थोडा माल खर्च करावा, अंदाजासाठीं करूं नये, हें आमच्या स्नेह्यांस त्यांच्या धंद्याच्या अनुभवावरूनही पटावें. शिवाय ‘म्हातारा घरीं बसूं शकतो’ हें वाक्य बंगल्यांतील म्हाताऱ्यापुरतेंच खरें आहे. ज्या घरास एकच खोली व एकच चूल, तेथें घरीं बसलेल्या आजोबांशेजारींच दिवसभर हॉटेलांत कपबशा विसळून आलेला नातू निजतो.

परंतु स्नेह्यांच्या म्हणण्यांतील खरा भाग सोडून देणें हाही अन्याय होईल. वृद्ध व व्याधिग्रस्त झाल्यावर पुढचा क्रम कोणाचा? एकाच तीस वर्षांच्या वयाचीं दोन माणसें घ्या: एक खंडाळ्याच्या बंगल्यांत बसून संगणकावर नोकरी करणारा, दुसरा लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर रिक्षा चालविणारा. दोघांचें वय एक, पण धोका एक नव्हे. रिक्षावाला, हॉटेलांतील पोऱ्या, भाजी विकणारी बाई, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, यांचा क्रम बंगल्यांतील तरुणाच्या आधीं असावयास पाहिजे होता. सरकारनें मात्र येथें क्रम लावण्याचें कामच सोडून दिलें. ता. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या सर्वांस एकदम दार उघडें झालें, आणि दार उघडतांना आंत माल किती आहे हें पाहिलें गेलें नाहीं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांतच पुणें व सातारा या जिल्ह्यांत साठा संपल्यामुळें केंद्रें बंद ठेवण्याची पाळी आली होती, हें सर्वांस ठाऊक असतां!

मालाची वांटणीही त्याच वेळीं बदलली. निम्मा माल केंद्र सरकारकडे. उरलेला निम्मा राज्य सरकारें व खासगी रुग्णालयें यांनीं कारखानदाराकडून आपापला विकत घ्यावा. पुण्याच्या सीरम कारखान्याच्या कोव्हिशील्ड लशीची एक मात्रा केंद्रास १५० रुपयांस, राज्यास ३०० रुपयांस, खासगी रुग्णालयास ६०० रुपयांस. एकाच भट्टीचा माल, एकाच कुपींतला, आणि भाव तीन. घाऊक व किरकोळ यांतील फरक आमचे वाचक जाणतात. परंतु सर्वांत मोठ्या गरजूस मागें ठेवून सर्वांत जाड पाकिटास पुढें घेणारा हा भाव घाऊक-किरकोळाचा नव्हता. त्या मे महिन्यांत खासगी वांट्यांतील सुमारें निम्म्या मात्रा अवघ्या नऊ रुग्णालय-समूहांकडे गेल्या असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें, आणि हे समूह मोठ्या शहरांतले. वडगांवच्या किंवा कामशेतच्या लहान दवाखान्यानें कारखानदाराशीं कोणत्या तोंडानें सौदा करावयाचा होता? सर्वोच्च न्यायालयानें ता. ३१ मेच्या आपल्या आदेशांत १८ ते ४४ वयाच्या लोकांस पैसे मोजावयास लावणारें हें धोरण सकृद्दर्शनीं मनमानी व अविवेकी ठरविलें. २१ जूनपासून केंद्रानें ७५ टक्के माल स्वतः खरेदी करून राज्यांस विनामूल्य देण्याचें ठरविलें. खासगी रुग्णालयांचा २५ टक्के वांटा मात्र तसाच राहिला.

येथवर झालें तें दामाचें. परंतु मावळांत खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या वाटेनें, म्हणजे जो आधीं येईल त्याला, या न्यायानें.

या तालुक्याची रचना न जाणणाऱ्यांसाठीं चार शब्द. लोहमार्ग व महामार्ग यांच्या कडेनें तळेगांव, वडगांव, कामशेत, लोणावळें हीं गांवें व शहरें आहेत. तेथें बाजार आहे, लोकल गाडी आहे, दवाखाने आहेत. त्या पट्ट्यापासून डोंगरांत शिरलें म्हणजे आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. कुसूर, जांभवली, तुंग अशीं गांवें, त्यांच्या वाड्या आणि त्या वाड्यांच्याही पलीकडे कातकऱ्यांचीं व ठाकरांचीं झोंपडीं. टाकवे, खडकाळें, कार्लें, येळसें येथें प्राथमिक आरोग्य केंद्रें व कान्हे येथें सरकारी रुग्णालय आहे. पण वाडीवरून तेथें यावयाचें म्हणजे अर्धा दिवस व एका दिवसाची मजुरी. आणि या वाड्यांत मोबाइलचा आवाज ऐकूं यावा म्हणून टेंकडीवर चढावें लागतें.

अशा मुलुखांत १८ ते ४४ वयाच्या माणसानें लस घ्यावयाची ती कशी? कोविन नांवाच्या संगणकी खातेवहींत आधीं नांव नोंदवावें, मग रोज ठराविक घटकेस मोबाइल उघडून बसावें, आणि मोकळी वेळ दिसतांच पापणी लवण्याच्या आंत ती धरावी. मे महिन्याचे पहिले तीन आठवडे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. सरकारी केंद्रावर थेट येणाऱ्या या वयाच्या माणसास लस देण्याची परवानगी २४ मे रोजीं निघाली. ज्यांच्या हातीं वेगवान यंत्रें होतीं त्यांनीं शहरांतील वेळा संपतांच खेड्यांतील केंद्रांच्या वेळा धरल्या. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील माणसें मोटारींनीं जिल्ह्याच्या ग्रामीण केंद्रांवर येऊं लागलीं, तिकडे ठाणें-मुंबईचीं माणसें शहापूर-मुरबाडकडे जाऊं लागलीं, आणि गांवकरी दारांत उभे राहून विचारूं लागले कीं, केंद्र आमच्या गांवचें, मग लस कोणाची?

या मोटारींपैकीं एक मोटार आमच्या घरची होती, हें येथें लपविणें बरें नव्हे. घरांतील दोन तरुणांनीं मावळांतील एका केंद्रावरच्या वेळा मिळविल्या, त्याबद्दल आम्हीं त्यांची पाठ थोपटली, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही गेलों. केंद्राच्या आवारांत आंब्याखालीं त्या गांवचीं चाळीस-पन्नास माणसें सकाळपासून बसलीं होतीं. परिचारिकेनें यादी वाचली. तींत त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव नव्हतें. कोणी भांडलें नाहीं. एका पागोटेवाल्या गृहस्थानें आमच्या मुलांस बसावयास आपली जागा दिली. परत येतांना मोटारींत कोणीच फारसें बोललें नाहीं. आणि तरीही, खरें सांगावयाचें तर, त्या रात्रीं आम्हांस झोंप निर्धास्त लागली. नियमाप्रमाणें आम्हीं कांहींच चुकीचें केलें नव्हतें. म्हणूनच आमची तक्रार माणसांविरुद्ध नसून नियमाविरुद्ध आहे. जो नियम सभ्य माणसांस बिनबोभाट दुसऱ्याचा घांस खाऊं देतो तो नियमच वाईट.

याला उपाय नव्हता काय? होता, आणि तो आमच्या आज्यांसही ठाऊक होता. मुंबईंत १९४३ सालीं धान्याचें रेशनिंग सुरू झालें तेव्हां कार्ड दुकानाशीं बांधलेलें होतें. कुलाब्याच्या सावकारास परळच्या दुकानांतून परळच्या गिरणी-कामगाराचें धान्य उचलून नेतां येत नसे, मग तो कितीही लौकर उठो. काळा बाजार झाला, लबाड्या झाल्या, हें सर्व खरें. पण वांटा माणसाच्या राहत्या जागेशीं बांधावा हें तत्त्व मान्य होतें. लशीच्या बाबतींत तें तत्त्व कोणाच्या स्मरणांत राहिलें नाहीं. जेथें केंद्र आहे तेथील लोकवस्तीच्या व त्यांतील वृद्धांच्या मानानें साठा पाठवावा, त्यांतील बहुतेक भाग त्याच गांवांसाठीं राखून ठेवावा, आणि ठराविक दिवसांनंतर उरेल तो बाहेरच्यांस मोकळा करावा, एवढें करण्यास नवें यंत्र नको होतें.

यावर शहरांतील पुष्कळांचें एक उत्तर असे: खेड्यांतील लोक लस घेण्यास यावयासच तयार नव्हते, आम्हीं घेतली नसती तर ती फुकट गेली असती. या उत्तरांत थोडें सत्य आहे, आणि तें लोणावळ्याच्याच इतिहासाच्या आधारें तपासून पाहण्यासारखें आहे. १८९७ सालीं लोणावळ्यास प्लेग शिरला होता. त्याच वर्षीं १० जानेवारी रोजीं डॉ. हाफकिन यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती आणि मग भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वखुशीच्या कैद्यांस दिली होती. ती लस त्यांनीं लोणावळ्यांतही दिली. टोंचून घेतलेले व न घेतलेले यांच्या मृत्यूंत तेथें जो फरक आढळला तो या लशीच्या बाजूच्या पहिल्या पुराव्यांपैकीं एक ठरला. त्या काळीं टंचाई लशीची नव्हती, विश्वासाची होती. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं सोजीर घरोघरीं शिरत होते, त्याच सरकारचा माणूस सुई घेऊन आला तर लोकांनीं हात पुढें कसा करावा? पुढें १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं दूषित कुपीमुळें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांच्यावरील ठपका पुढें दूर झाला, पण सुईची धास्ती राहिली.

तेव्हां लोकांस शंका असते ही गोष्ट नवी नाहीं. प्रश्न असा कीं, शंका असलेल्या माणसाचा वांटा लगेच दुसऱ्यास द्यावयाचा, कीं त्याच्याकडे पुन्हां जाऊन त्याची समजूत घालावयाची? आमच्या मतें पहिलें करणें म्हणजे अडाणीपणाचा दंड प्राणानें वसूल करणें होय. त्यांतून मावळांतील सारेच शंकेखोर नव्हते. आंब्याखालीं बसलेलीं तीं माणसें लस घेण्यासाठींच आलीं होतीं.

हाफकिन यांच्याच चरित्रांतील दुसरी एक गोष्ट येथें आठवते. १८९८ सालीं बडोद्याजवळील उंडेरा गांवीं त्यांनीं प्रत्येक कुटुंबांतील निम्म्या माणसांस लस टोंचली व निम्मीं तशींच ठेविलीं. टोंचलेल्या ७१ पैकीं ८ जणांस प्लेग झाला व ३ मेले. न टोंचलेल्या ६४ पैकीं २७ जणांस झाला व २६ मेले. लशीचा गुण सिद्ध झाला. परंतु ज्या घरांत भावास टोंचलें व भावास टोंचलें नाहीं, त्या घरांत पुढें काय बोलणें झालें असेल याची कल्पनाही असह्य आहे, आणि असा प्रयोग आज कोणी करूं धजणार नाहीं. तरी एक गोष्ट नाकारतां येत नाहीं: त्या गांवांत कोणा घरास पैशानें किंवा ओळखीनें सगळीच लस मिळाली नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या एका कठोर प्रयोगांत जी समता होती ती २०२१ च्या मेमध्यें आम्हीं राखूं शकलों नाहीं, हें लिहितांना लाज वाटते.

फुकट जाणाऱ्या मात्रांचा प्रश्न मात्र खरोखरीचा आहे. कोव्हिशील्डच्या एका कुपींत १० मात्रा असत, आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांच्या आंत संपवावी असा दंडक होता. वाडीवर सहाच माणसें जमलीं तर उरलेल्या चार मात्रांचें काय? परिचारिका कुपीच उघडीत नसे, आणि सहा जण हात हलवीत परत जात. किंवा कुपी उघडून उरलेल्या मात्रा सायंकाळीं ज्याचा दूरध्वनी साहेबांकडे लागे त्यास मिळत. दोन्ही वाईट. केरळांतील परिचारिकांनीं कुपींतले जादा थेंबही वांयां जाऊं न देतां, मिळालेल्या मात्रांपेक्षां अधिक माणसांस लस दिली, हें कौशल्य आमच्याकडेही येईल. पण त्याआधीं पाहिजे ती यादी. प्रत्येक केंद्रापाशीं जवळच्या दोन-तीन वाड्यांतील, हांकेसरशी येऊं शकतील अशा माणसांची क्रमवार यादी आधींपासून तयार असावी, आणि ती दाराबाहेर लावलेली असावी. उरलेली मात्रा कोणास गेली हें सर्वांस दिसलें म्हणजे साहेबांच्या दूरध्वनीचा जोर आपोआप कमी होतो.

कोणी म्हणेल, अशा याद्या करणार कोण? त्या केलेल्याच आहेत. सुमारें हजार वस्तीमागें एक आशा सेविका असते. कोणाच्या घरीं दम्याचा म्हातारा आहे, कोणास मधुमेह आहे, कोण गरोदर आहे, हें तिच्या वहींत असतें. कातकऱ्यांपैकीं अनेकांजवळ आधारकार्ड नसतें ही अडचण केंद्र सरकारनेंही ओळखली होती. ओळखपत्र नसलेल्यांस लस देण्याची रीत ठरविणारें परिपत्रक ६ मे २०२१ रोजीं निघालें. परंतु परिपत्रक डोंगर चढत नाहीं. तें घेऊन चढणारी आशा सेविकाच असते, आणि तिला त्या कामाचें मानधन किती मिळतें हें पाहिलें तर आपण तिच्याकडून काय मागतों आहों याची शरम वाटेल. स्त्रियांचाही येथेंच उल्लेख केला पाहिजे. २०२१ च्या मध्यापर्यंत देशांत पुरुषांपेक्षां स्त्रियांस लस कमी मिळाली होती. घरांतला एकच मोबाइल धन्याच्या खिशांत, आणि केंद्रावर जावयाचें तर धन्याच्या फटफटीवर मागें बसून. मग दुसरें काय होणार?

अंथरुणास खिळलेल्यांची गोष्ट तर न्यायालयापर्यंत गेली. वृद्ध व अपंग यांस घरीं जाऊन लस द्यावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयांत अर्ज झाला. केंद्र सरकारनें तें शक्य नाहीं असें सांगितलें. आणि एका पुढाऱ्यास ती घरीं कशी मिळाली असें न्यायमूर्तींनीं विचारलें, तेव्हां कोणापाशींही समाधानकारक उत्तर नव्हतें. अखेर जून २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें अशी योजना प्रयोगादाखल पुण्यांत सुरू करण्याची तयारी दाखविली. नोव्हेंबरांत तर ‘हर घर दस्तक’ म्हणून देशभर घरोघरीं जाणें सुरू झालें. म्हणजे जें मे महिन्यांत अशक्य होतें तें नोव्हेंबरांत शक्य झालें. मध्यंतरीं माणसाचे पाय बदलले नव्हते, लस मुबलक झाली होती एवढेंच. टंचाईच्या वेळींच घरीं जाणें अधिक अगत्याचें असतें, कारण त्या वेळीं जो येऊं शकत नाहीं तो सर्वांत आधीं वगळला जातो.

एका गोष्टींत मात्र सरकारचा निर्णय आम्हांस रास्त वाटला, व त्याबद्दल त्यावर झालेली टीका अन्यायाची होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यांत महाराष्ट्र सरकारनें १८ ते ४४ वयाच्या लोकांची टोंचणी थांबविली आणि त्यांच्यासाठीं घेतलेल्या कोव्हॅक्सिनच्या मात्रा ४५ वर्षांवरील माणसांच्या दुसऱ्या टोंचणीस दिल्या. तरुण चिडले. पण ज्याला अर्धें औषध देऊन ‘पुढच्या महिन्यांत या’ असें सांगितलें, त्याला दिलेला शब्द पाळणें हें नव्या गिऱ्हाइकास माल देण्यापूर्वींचें काम आहे. हुंडी वटविण्याच्या धंद्यांत ज्यांचे केस पिकले त्यांस हें पटवून द्यावयास नको. याच सुमारास, १३ मे रोजीं, कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवड्यांवर नेण्यांत आलें. इंग्लंडनें तसाच निर्णय आदल्या डिसेंबरांत घेतला होता. अधिकांस पहिली मात्रा मिळावी यासाठीं तें युक्त होतें. परंतु तें साठा आटल्यावर सांगितल्यामुळें लोकांस ती सबब वाटली; हेंच दोन महिने आधीं सांगितलें असतें तर तोच निर्णय शहाणपणाचा ठरता.

आतां मागणें थोडक्यांत. मावळच्या पंचायत समितीनें व लोणावळें, तळेगांव व वडगांव येथील नगरसंस्थांनीं पुढच्या साथीची वाट न पाहतां क्रम ठरवून ठेवावा व तो ग्रामसभांत वाचून दाखवावा: आधीं रोग्यास हात लावणारे, मग वृद्ध व व्याधिग्रस्त, मग गिऱ्हाइकांस व प्रवाशांस तोंड देणारे, मग इतर, प्रत्येक केंद्राचा साठा त्या केंद्राच्या गांवांसाठीं राखून. राज्यानें किंवा केंद्रानें वेगळा क्रम ठरविला तर तो मानावाच लागेल, परंतु तालुक्याच्या आंत पेट्या कोणत्या वाटेनें कोणत्या दिवशीं जातील हें तालुक्याच्याच हातीं असतें. आणि लोणावळ्याच्या व्यापाऱ्यांस एक विनंति. वर्षाकाठीं जे लक्षावधि पाहुणे येतात ते तुमचा गल्ला भरतात आणि साथही घेऊन येतात; ती साथ तुमच्या दुकानांत राबणाऱ्या पोरांबरोबर वाडीवर जाते. पावसाळ्यांत आंदर मावळांत शीतपेटी, परिचारिका व आशा सेविका यांस पोंचविण्यास दोन भक्कम जीपगाड्या व त्यांचे चालक पुरेत. त्यांचा खर्च व्यापारी मंडळींनीं आजच आपल्या वहींत मांडून ठेवावा. आमच्या वरील स्नेह्यांनीं, आपला नंबर तिसरा लागतो हें ऐकूनही, एका गाडीच्या डिझेलचा खर्च कबूल केला आहे. दुसरी गाडी कोणाची, हें कळविल्यास आम्ही याच स्तंभांत प्रसिद्ध करूं.